रोजमेळ: रात्रीची चार मिनिटं आणि एक दोनशे पानी वही

फलटणला मामाचं किराणा दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं तिथे पडीक असायचो. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली यायचं, मामा गल्ला गादीवर पालथा करायचा आणि नाण्यांच्या चवडी रचायचं काम माझ्याकडे यायचं. मामा वही उघडायचा. डावीकडे जमा, म्हणजे आलेले पैसे; उजवीकडे नावे, म्हणजे गेलेले. वहीतली शिल्लक आणि गादीवरचे पैसे जुळेपर्यंत जेवायला उठायचं नाही.

एकदा दहा रुपये जास्त भरले. मामी दोनदा हाक मारून गेली होती, पोटात कावळे ओरडत होते. मी म्हटलं, "मामा, दहाच रुपये तर आहेत, तेही जास्तीचे. राहू दे की." वहीतून मान वर न काढता मामा म्हणाला, "कमी पडले असते तर माझे गेले असते. जास्त आलेत म्हणजे कुणाचे तरी राहिलेत." वीस मिनिटांनी सापडलं. गूळ न्यायला आलेल्या बाईंना द्यायला सुटे नव्हते, "उद्या देतो" म्हणून सांगितलं होतं आणि ते लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा रुपये घेऊन मलाच त्यांच्या घरी पिटाळलं.

दुकानदार याला रोजमेळ म्हणतात. पहिला पगार नुकताच सुरू झालेल्या, किंवा दहा वर्षं पगार घेऊनही वीस तारखेला खातं कोरडं पडणाऱ्या माणसानं हा रोजमेळ स्वतःपुरता कसा लावावा, ते इथे सांगतो. मी तो नऊ वर्षं लिहितोय. त्याआधी पहाटे पाचला उठणं, रोज दहा पानं वाचणं, साखर सोडणं असं बरंच करून पाहिलं. ते सगळं दर एक जानेवारीला सुरू व्हायचं आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर संपायचं. हे एक टिकलं. का टिकलं, ते पुढे येईलच.

आधी एक गल्लत दूर करू. खर्च लिहिणं वेगळं आणि मेळ घालणं वेगळं. खर्च लिहिणारे पुष्कळ असतात. फोनमध्ये नोंदी करतात, आठवडाभर चालतं, मग एखादा दिवस राहतो, मग दोन, आणि आता यादी अपुरीच आहे म्हणून ती सोडून दिली जाते. मेळ घालणारा उलटीकडून येतो. तो आधी खिसा मोजतो. काल रात्री इतके होते, आज इतके आहेत, मधले कुठे गेले? यादी अपुरी असली तरी हा प्रश्न रोज रात्री नव्यानं विचारता येतो, आणि त्याचं उत्तर खिशातच असतं.

वही, पेन, जागा

साधी दोनशे पानी रेघांची वही घ्या. रोज अर्धं पान लागतं, म्हणजे एक वही वर्षभर पुरते. जाड कव्हरची, फीत लावलेली डायरी घेऊ नका; तिच्यात अक्षर खराब यायला नको म्हणून आपण लिहायचंच टाळतो. पेन वहीला सुतळीनं बांधून ठेवा. हसण्यासारखं वाटेल, पण पहिल्या महिन्यात माझे जे तीन-चार दिवस बुडाले त्यातले निम्मे "पेन कुठंय" या एका कारणानं.

ॲप चालेल का? चालेल. पण बँकेचे मेसेज वाचून आपोआप नोंदी करणारं ॲप या कामाला नको. त्यात मेळ ॲप घालतं, तुम्ही नाही. आपल्याला हवी आहे ती "अरे, आज रिक्षाला इतके गेले?" असं वाटून क्षणभर थांबायला लावणारी जागा, आणि ती हातानं आकडा लिहितानाच येते.

वही कुठे ठेवायची हे कोणती घ्यायची यापेक्षा महत्त्वाचं. रात्री न चुकता होणारं एखादं काम शोधा आणि वही त्याच्या शेजारी ठेवा. माझं काम म्हणजे फोन चार्जिंगला लावणं. चार्जरच्या खाली वही असते. ती उचलल्याशिवाय चार्जर हाती लागत नाही. कुणाचं औषधाच्या गोळीचं असेल, कुणाचं दूधवाल्यासाठी दाराला पिशवी अडकवण्याचं. "रोज रात्री दहाला लिहीन" असं मात्र ठरवू नका. दहाला तुम्ही कुणाच्या तरी वाढदिवसाला असता.

पहिली रात्र

खिसा, पाकीट, बॅगेचा बाहेरचा कप्पा, सगळं एका जागी ओता आणि मोजा. मग रोजच्या खर्चाचं जे बँक खातं असेल त्याची शिल्लक बघा. दोन-तीन खाती असतील तर त्यातलं एकच रोजच्या वापराला ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. तीन खात्यांचा मेळ घालणं नवशिक्याच्या आवाक्यातलं नाही. पानाच्या वर तारीख, खाली "शिल्लक" आणि दोन आकडे. पहिल्या रात्रीचं काम एवढंच. मागचा महिना आठवून लिहीत बसू नका.

दुसऱ्या रात्रीचं पान साधारण असं दिसेल:

मागील शिल्लक: रोख ६४०, खात्यात ११,३८२
चहा, क्रीमरोल: ३० रोख
रिक्षा: ४५ खात्यातून
भाजी: ७० रोख
मोबाइल रिचार्ज: २९९ खात्यातून
असायला हवेत: रोख ५४०, खात्यात ११,०३८
आहेत: रोख ५२०, खात्यात ११,०३८

वीस रुपये कमी. दोन मिनिटं आठवा. आठवलं तर लिहा. नाही आठवलं तर खाली लिहा "उचंत: २०", आणि आजची शिल्लक म्हणून खिशात खरोखर असलेले ५२० धरून वही मिटा.

उचंत हा जुन्या हिशेबनिसांचा शब्द. ज्या रकमेचं खातं अजून ठरलेलं नाही, ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची. मी रोजमेळात टिकलो तो या एका शब्दामुळे. मामाला वीस मिनिटं शोधत बसणं परवडायचं, कारण ते त्याचं दुकान होतं. तुम्ही-आम्ही दमून घरी आलेलो असतो. वीस रुपयांसाठी अर्धा तास घालवला तर तिसऱ्या दिवशी वहीची शिसारी येईल. उचंतमध्ये टाकलं की मेळ बसतो, पान पूर्ण होतं आणि चूकही लपत नाही. तिचा आकडा तिथे नोंदलेला असतो.

पहिले दोन महिने फक्त लिहा

हे सांगताना मला नेहमी जोर द्यावा लागतो. वही सुरू केली की तिसऱ्याच दिवशी माणूस चहा सोडतो. चहा सोडला की आठव्या दिवशी वही सुटते, कारण वही म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं. पहिल्या दोन महिन्यांत काहीही कमी करायचं नाही. जसं जगताय तसं जगा, फक्त लिहा. दीडशे रुपयांची कॉफी प्यायलात तर "कॉफी: १५०" लिहा. शेजारी उद्गारचिन्ह नको.

दोन महिनेच का? सवय २१ दिवसांत लागते असं आपण ऐकत आलोय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. तो २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक छोटी सवय निवडली आणि बारा आठवडे पाळायचा प्रयत्न केला. ती विचार न करता आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपुढचे आकडे अर्थात अंदाजानं काढलेले). म्हणजे २२व्या दिवशीही वही आठवणीनं उघडावी लागत असेल तर तुमच्यात काही खोट नाही. त्याच अभ्यासात असंही आढळलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

दिवस चुकला तर

चुकणारच. घरात लग्न असेल, ताप असेल, गावाला गेलेले असाल आणि वही पुण्यात राहिली असेल. नियम एकच: कालच्या मागचं आठवायला बसायचं नाही. आज रात्री खिसा मोजा, खातं बघा, मागच्या लिहिलेल्या शिल्लकीतून वजा करा. जो फरक येईल त्यातलं मोठं-मोठं आठवतं तेवढं लिहा (बसचं तिकीट, आहेर) आणि उरलेलं "पाच दिवसांचं उचंत: ८४०" म्हणून टाकून मोकळे व्हा. पुन्हा मेळ बसला. व्यायाम पाच दिवस बुडाला तर बुडाला. रोजमेळाला मात्र खाडा एका ओळीत भरून काढता येतो. बाकीच्या सवयी गेल्या आणि ही राहिली, ती मला वाटतं यामुळेच.

माझी परीक्षा सुरुवातीलाच झाली. मी वही सुरू केली ती २०१६च्या दिवाळी पाडव्याला, ३१ ऑक्टोबरला. व्यापारी वहीपूजन करतात तो मुहूर्त गाठला म्हणून मी खुशीत. आठ दिवसांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या. माझ्या त्या दिवसाच्या पानावर रोख शिल्लक १,१७० आहे. त्यातल्या दोन नोटा पाचशेच्या. वहीप्रमाणे मेळ चोख बसला होता, आणि सकाळी चहावाल्यापुढे चालणारे पैसे होते १७०. पुढचे दोन आठवडे वही इतकी गिचमिड आहे की मलाच वाचता येत नाही. पण पान एकही कोरं नाही.

महिनाअखेरची खतावणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास काढा. रोजच्या नोंदी खात्यांवार लावायच्या, म्हणजे खतावणी करायची. खाती जितकी कमी तितकं बरं. माझी सहा आहेत: घर (भाडं, वीज, गॅस), पोट, प्रवास, औषधपाणी, माणसं आणि उचंत. कपडे, बूट, पुस्तकं? जो खर्च कुठे बसत नाही तो "घर"मध्ये. पंधरा खाती पाडणाऱ्याची खतावणी फेब्रुवारीच्या पुढे गेलेली मी पाहिलेली नाही.

"माणसं" या खात्याबद्दल थोडं. आहेर, गणपतीची वर्गणी, मित्राला चहा, भावाच्या मुलीला पुस्तक, आणि उसने दिले-घेतलेले पैसे असं सगळं त्यात येतं. उसनवार तर त्याच रात्री लिहाच. एका मित्राला मी तीन हजार दिलेत अशी माझी पक्की समजूत होती आणि त्यानं विषय काढला नाही म्हणून मी मनात धुसफुसत होतो. मागची पानं चाळली तर त्यानं दोन महिन्यांपूर्वीच दोन हजार परत केले होते, आणि उरलेल्या हजारात आमचं सिंहगडाचं पेट्रोल आणि पिठलं-भाकरी गेली होती. बरं झालं, वही आधी उघडली आणि तोंड नंतर.

खतावणीत पहिल्यांदा चित्र दिसायला लागतं, आणि ते सहसा आपल्याला वाटतं तसं नसतं. तेव्हा आम्ही तिघं वारज्यात भाड्यानं राहत होतो. मला वाटायचं माझे पैसे सिनेमात जातात. तिसऱ्या महिन्याच्या खतावणीत "पोट" फुगलेलं दिसलं. तारखा पाहिल्या तर कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं पार्सल बहुतेक वेळा गुरुवारी. गुरुवारीच का? आमच्या भागात देखभालीसाठी पाणी बंद असायचं ते गुरुवारी. सकाळची भांडी तशीच पडायची, संध्याकाळी सिंक बघून कुणाला स्वयंपाकाची इच्छा व्हायची नाही, मग पार्सल. पिठलं करायचा आळस असं मी ज्याला समजत होतो, तो प्रत्यक्षात दोन बादल्यांचा प्रश्न होता. बुधवारी रात्री वही मिटली की दोन बादल्या भरून ठेवायच्या, असं ठरलं. पुढच्या महिन्यात पार्सल एकदाच आलं, तेही एकाचा वाढदिवस होता म्हणून. "काटकसर करीन" असा संकल्प मी सोडला असता तर सिनेमा बंद केला असता आणि गुरुवार तसाच राहिला असता.

तिसऱ्या महिन्यापासून: पैसे बाजूला

आता तुमच्याकडे महिन्याला किती लागतात याचा खरा आकडा आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळती होईल अशी एक रक्कम ठरवा. सुरुवात इतक्या लहान रकमेनं करा की तिची लाज वाटावी. पोस्टातलं आवर्ती ठेव खातं महिना १०० रुपयांपासून उघडतं, मुदत पाच वर्षं. मी ५०० वर सुरू केलं आणि बाजूला टाकायची रक्कम दर पाडव्याला वाढवत गेलो.

क्रम मात्र पाळा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती. "किमान रक्कम" भरत राहिलात तर उरलेल्यावर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतं, आणि तेवढं व्याज देणारी बचत योजना कुठेही नाही. त्यानंतर तीन-चार महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे लगेच काढता येतील असे ठेवा. मग लांब पल्ल्याचं बघा. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षं. त्यात दर महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर धरतात. म्हणून भरायचे ते पाच तारखेच्या आत.

रोजचे ५० रुपये म्हणजे महिन्याला १,५००. पंधरा वर्षांत आपण भरतो २ लाख ७० हजार. व्याजदर सरसकट सात टक्के धरला, तर हाती येतात सुमारे ४ लाख ७० हजार. व्याजदर बदलतात, तेव्हा हा आकडा अंदाजाचाच समजा. तरी यातले २ लाख ७० हजार व्याजदरावर अवलंबून नाहीत, तुमच्या पाच तारखेवर आहेत.

माझ्या दृष्टीनं वहीचं खरं फळ मात्र या गणितात नाही. २०२०च्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. तेव्हा वहीप्रमाणे मला महिन्याला १९,६०० रुपये लागत होते आणि बाजूला जवळजवळ दीड लाख होते. भागाकार केला: साडेसात महिने. दुसऱ्याच आठवड्यात एका ठिकाणाहून सतरा हजारांवर बोलावणं आलं. त्या काळात येईल ते घ्यावं असं सगळे सांगत होते, आणि आकडा माहीत नसता तर मीही भीतीपोटी घेतलं असतं. मी नाही म्हटलं. साडेतीन महिने घरात बसून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पुढचं, एक्सेलमधलं काम नीट शिकलो आणि मग जी नोकरी लागली तिच्यातच आजही आहे. त्या साडेतीन महिन्यांतही वही रोज लिहिली. "पोट" सगळ्यांत बारीक तेव्हा होतं.

घरात वही आणताना

जोडीदाराच्या खर्चाचा रोजमेळ तुम्ही घालू नका. लग्नानंतर मी उत्साहानं बायकोला विचारायला लागलो, "आज तुझे किती?" चौथ्या दिवशी उत्तर आलं: "माझ्या चहाचा हिशेब पुन्हा मागितलास तर ही वही रद्दीत जाईल." आता घरखर्चाला आम्ही दोघं महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम एका खात्यात टाकतो आणि मेळ त्या खात्याचा घालतो. तिचे स्वतःचे पैसे तिच्याकडे, माझे माझ्या वहीत. रूममेट असतील तरी हेच करा. सामाईक खर्चाची वही वेगळी आणि सगळ्यांना दिसेल अशी, फ्रिजवर.

जुन्या वह्या टाकू नका. गीझर कधी घेतला, मागच्या वेळी सोसायटीच्या टाकीची वर्गणी किती होती, डॉक्टरांची फी कधी वाढली, हे सगळं त्यात सापडतं. माझ्या नऊ वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. पहिल्या वर्षाचं उचंत ६,८७० रुपये होतं. मागच्या वर्षी ६१०.

त्या उचंतमधला एक आकडा नंतर सुटला. सप्टेंबर २०२४ मधल्या एका पानावर "उचंत: २००" आहे, त्या रात्री बराच वेळ शोधून मी नाद सोडला होता. २०२५च्या जूनमध्ये पहिल्या पावसाला रेनकोट काढला, तर आतल्या खिशात दोनशेची नोट, घडीवर बुरशीचा ठिपका आलेली. बायको म्हणाली, "आता हे कुठे लिहिणार?" रात्री चार्जरखालून वही काढली आणि डावीकडे लिहिलं: उचंत जमा, रेनकोटच्या खिशातून, २००.